सातांपैकी चार

आमच्या चिमट्याला शाळेने मंद ठरवलं, त्या दिवशी मी गोदामात वायरी सोलत बसले होते. ताई भरदुपारी आली. अंगावर शाळेतल्या आयांचा तो निळा डगला तसाच. आली आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून रडायलाच लागली.

आईने हातातला पत्रा खाली ठेवला. "अगं, काय झालं ते तरी सांग."

"सातातलं एकही आलं नाही त्याला. एकही!"

"कशातलं?"

"वस्तू-ओळख. तोंडी परीक्षा होती ना आज. बाईंनी लाकूड दाखवलं, हा म्हणतो प्लास्टिक. लोखंड दाखवलं, प्लास्टिक. काच, प्लास्टिक. दगड दाखवला तरी प्लास्टिक! सगळा वर्ग हसत होता. मी दाराबाहेर पुसत होते, मला ऐकू येत होतं सगळं."

"घाबरला असेल," आई म्हणाली.

"घाबरला असता तर गप्प बसला असता. ठणकावून सांगत होता."

"दिवसभर इथे तोच शब्द कानावर पडतो. दुसरं काय येणार तोंडात?"

हे मी म्हटलं. आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी इतरांना बरंच काय काय म्हणणार आहे.

चिमट्या म्हणजे ताईचा मुलगा, वय सहा. काहीही दिसलं की दोन बोटांच्या चिमटीत धरून बघतो, म्हणून चिमट्या. ताई त्या शाळेत आया आहे म्हणून त्याला तिथल्या बालवर्गात घेतलं, मलाही मागे तसंच वरच्या वर्गात घेतलेलं, नाहीतर आमच्यासारख्यांना फाटकातून आत कोण घेतंय. शाळा सुटली की तो गोदामात येतो, कारण आई आणि मी तिथेच असतो. आम्ही भंगार छाटतो. गाडी येते, ढीग ओतते, आम्ही वेगळं करायचं. तांबं तांब्यात, पितळ पितळेत, प्लास्टिक प्लास्टिकमध्ये. रांगत असल्यापासून चिमट्या प्लास्टिकच्या ढिगाला टेकून वाढलाय.

बालवर्गातून पहिलीत जायला सातांपैकी चार उत्तरं लागतात. नाही आली तर 'तयारीचा वर्ग'. पाण्याच्या टाकीमागची खोली. तयारी कशाची ते कुणी सांगत नाही. तिथली पोरं दिवसभर मणी ओवतात, आणि पोरं घरी गेली की ओवलेले मणी परत काढून डब्यात भरतात, उद्या ओवायला. त्या खोलीतून पहिलीत गेलेलं पोर ताईने नऊ वर्षांत पाहिलेलं नाही. आणि ती खोली रोज तीच झाडते.

"शनिवारी परत घेणार आहेत," ताई नाक पुसत म्हणाली. "त्या नवीन बाईंनी मोठ्या बाईंना गळ घातली म्हणून. एकदाच. त्यात नाही आलं तर टाकीमागे."

मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "ठिणगे, तू शिकव त्याला."

"मी? मी शाळा सोडलेली."

"तू पळून आलेली."

"पळून नाही. सरांनी मला डस्टर फेकून मारलं, मी ते परत फेकलं. माझा नेम त्यांच्यापेक्षा बरा निघाला एवढंच."

"तेच ते. तीन दिवस आहेत."

शाळेत वस्तू-ओळख कशी शिकवतात ते मी बघितलंय. ताईचा डबा द्यायला गेले होते तेव्हा, खिडकीतून. वर्गात चाळीस पोरं. पहिली आज्ञा काय, तर हाताची घडी, तोंडावर बोट. वस्तू ओळखायला शिकवणार, आणि हात बांधून ठेवणार! पोहायला शिकवताना सुद्धा आधी पाय बांधत असतील हे लोक. टेबलावर एक पेटी. आत निळी मखमल, तिच्यात सात खाचा, प्रत्येक खाचेत एकेक तुकडा, आणि खाली सोनेरी अक्षरांत नाव. ती पेटी कुलपातल्या काचेच्या कपाटात असते. मोठ्या बाईंनी ती कुठल्याशा कार्यक्रमात स्वीकारली तेव्हाचा फोटो वर्गाच्या भिंतीवर लावलाय. फोटोत मोठ्या बाई पेटीला असं धरून उभ्या आहेत की वाटावं, जुळं झालंय.

बाई लांबूनच तुकडा उंच धरायच्या. "हे काय आहे?"

"लाऽऽकूड!" चाळीस पोरं.

"लाकूड कसं असतं?"

"लाकूड कडक असतं! लाकूड पाण्यावर तरंगतं!"

एकाही पोराने हात लावला नाही. एकाने लावायला हात पुढे केला तर, "अंहं, डाग पडतात." पाणी तर त्या वर्गात प्यायला सुद्धा ठेवत नाहीत. तरी सगळ्यांना ठाऊक, लाकूड तरंगतं. पोपट बरे, ते निदान पेरू तरी चावून बघतात.

चिमट्या तेव्हा शेवटच्या रांगेत बसला होता. त्याचं तोंड हलत नव्हतं. तो फक्त त्या पेटीकडे बघत होता, आणि त्याची चिमटी आपोआप उघडत-मिटत होती.

तर मी शिकवायला घेतलं. शिकवायला म्हणजे, गोदामाच्या मागच्या बाजूला एक उलटी बादली ठेवली, त्यावर त्याला बसवलं, आणि ढिगातून काय काय आणून त्याच्या हातात द्यायला लागले.

"हे काय?"

त्याने तुकडा गालाला लावला. मग नखाने वाजवला. "लोखंड. पण जड आहे. हातोडीचं लोखंड आहे, पत्र्याचं नाही."

"हे?"

गाल. नख. "काच. मावशी, कड लागेल, खाली ठेव."

गालाला लावायचं हे आईने शिकवलेलं. आमच्याकडे तीच रीत आहे. आई म्हणते, डोळा लबाड, गाल खरा. रंग मारला की डोळा फसतो, मुलामा दिला की डोळा फसतो. पण धातू गालाला थंड लागतो तो लागतोच, त्याला कितीही रंग फासा. काच थंड, दगड थंड. प्लास्टिक कुठलंच नाही, धड गार नाही की उबदार नाही, नवऱ्याच्या मावसभावासारखं. हे शेवटचं आईचं म्हणणं. गालाने नाही कळलं तर नख, नखाने नाही कळलं तर वास. गोदामात नवीन आलेलं माणूस पहिल्या आठवड्यात सगळं डोळ्याने छाटतं आणि दुसऱ्या आठवड्यात शिव्या खातं.

मी मुद्दाम त्याला फसवायला बघितलं. एक नळाची मूठ होती, चकचकीत, चांदीसारखी, आरशासारखं तोंड दिसेल अशी. म्हटलं, ही घे. त्याने गालाला लावली आणि माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मीच सहा वर्षांची आहे.

"मावशी, हे तर प्लास्टिक. वरून नटवलंय."

तीन दिवसांत मी त्याला साठएक वस्तू दाखवल्या. एक चुकला नाही. चामड्याचा जुना पट्टा त्याने वासावरून सांगितला, डोळे मिटून. रबराचा वॉशर ताणला, सोडला, परत जागेवर आला का ते बघितलं आणि मग सांगितलं. लाकडात नख रुतवून बघायचा, रेषेच्या दिशेने जातं का आडवं. मला हे कुणी शिकवलं असतं तर मी शाळेत राहिले असते. नाही, खोटं कशाला बोलू, नसते राहिले. पण डस्टर जरा हळू फेकलं असतं.

शुक्रवारी ताई बघायला आली. त्याने तिला दहापैकी दहा सांगितले. तिचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही.

"हे बघ चिमट्या," ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "तुला सगळं येतं. फक्त एक लक्षात ठेव. उद्या तोंडातून प्लास्टिक हा शब्द काढायचा नाही. काय?"

"आणि असलं तर?"

"नसतं. त्या पेटीत प्लास्टिक नसतंच. लाकूड, लोखंड, काच, दगड, रबर, चामडं आणि कापड. सात. त्यात प्लास्टिकचं नाव तरी आहे का? मग तू का म्हणतोस?"

चिमट्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आई सांगते ते ऐक."

हे पण मीच म्हटलं.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते. पोरं गेली होती. बालवर्गात मोठ्या बाई खुर्चीवर, नवीन बाई टेबलापाशी प्रश्नांचा कागद घेऊन, आणि चिमट्या मध्ये एकटा उभा. ताई दारात बादली आणि फडकं घेऊन, जणू काही तिला तिथेच पुसायचं होतं. सकाळपासून तिने तो उंबरठा चारदा पुसला असेल. मला आत घेतलं नाही, मी खिडकीबाहेर.

मोठ्या बाईंचा आवाज साखरेत घोळलेला. "ये बाळा. घाबरायचं नाही हं. बाई काय विचारतील ते सांगायचं."

नवीन बाई, तीन वर्षं झाली तरी सगळ्यांना नवीनच, बरी होती, हे कबूल करायला हवं. चष्मा मोठा, आवाज छोटा. तिने पेटीतून पहिला तुकडा काढला आणि लांब न धरता थेट चिमट्याच्या हातात दिला. मोठ्या बाईंच्या कपाळावर आठी आली.

"हात कशाला लावू देता?"

"मागच्या वेळी पण दिला होता, बाई. हातात दिल्याशिवाय तो बोलतच नाही."

चिमट्याने चिमटीत धरलं. नख लावलं. उलटं केलं. मग त्याने दाराकडे, ताईकडे बघितलं. ताईने डोळे मोठे केले.

"सांग ना. हे काय आहे?"

"ते नाही सांगायचं."

"का रे?"

"आई म्हणाली, तो शब्द बोलायचा नाही."

ताईच्या हातातलं फडकं बादलीत पडलं. मी खिडकीचा गज पकडला.

"बरं," नवीन बाईने कपाळावरचा घाम पुसला आणि दुसरा तुकडा दिला. "हे?"

गाल. "तेच."

"म्हणजे?"

"जे मघाशी होतं ते. तेच."

"हे?"

"हेपण तेच."

"आणि हे?"

"तेच."

सात तुकडे झाले. सातही वेळा पोराने आईची आज्ञा पाळली. प्लास्टिक हा शब्द एकदाही काढला नाही. असं पोर मी त्या शाळेत दुसरं बघितलं नाही, आणि ती मोठी बाई खुर्चीत मागे रेलून म्हणते कशी:

"बघितलंत ना? मागच्या वेळी निदान एक शब्द तरी येत होता. आता तोही गेला." मग दाराकडे वळून, "हे बघ, रडून उपयोग नाही. तयारीच्या वर्गात त्याला बरं वाटेल. तिथे त्याच्यासारखीच मुलं आहेत."

मी कशी आत आले ते मला आठवत नाही. खिडकीतून नाही, दारातूनच आले असणार, कारण बादली लवंडली होती आणि माझा एक पाय ओला होता. पण मी त्या बाईवर नाही धावले. मी चिमट्यावर धावले. त्याचा दंड धरून गदागदा हलवलं.

"अरे, तीन दिवसांत साठ वस्तू सांगितल्यास ना! एवढा मोठा लोखंडाचा तुकडा समोर आहे, लोखंड म्हणायला काय होतं तुला? म्हण! लोखंड म्हण!"

तो रडला नाही. त्याने टेबलावरचा तो राखाडी, चकचकीत तुकडा उचलला, टाचा उंच केल्या, आणि माझ्या गालाला लावला.

थंड नाही.

मी तशीच उभी. त्याने तुकडा दाबून धरला, मला पुरतं कळावं म्हणून. धड गार नाही की उबदार नाही. नवऱ्याच्या मावसभावासारखं.

"ही कोण?" मोठ्या बाई उठल्या. "तू ती डस्टरवाली ना?"

मी तिला उत्तर दिलं नाही. मी पेटी ओढली. लाकूड घेतलं. वर छान रेषा, उभ्या, तपकिरी. नख रुतवलं, रुतेना. तुकड्याच्या कडेला बघितलं तर रेषा तिथेच संपलेल्या. छापलेल्या! काच घेतली. तिच्यावर केसासारखे ओरखडे, पेटीतल्या मखमलीत बसून बसून पडलेले. काचेला मखमलीने ओरखडा पडतो होय? दगड घेतला, तर हात वर उडाला, इतका हलका. वाजवला तर आतून पोकळ. चामड्याची मागची बाजू बघितली, जाळीचं कापड चिकटवलेलं. रबर दुमडलं तर दुमडलेलंच राहिलं, आळशी माणसासारखं.

"सगळं प्लास्टिक आहे," मी म्हटलं.

"काय?"

"तुमची पेटी. सगळी प्लास्टिकची आहे. हे पोर मागच्या परीक्षेत सात वेळा ओरडून सांगत होतं आणि तुम्ही हसत होतात."

नवीन बाईने तोंडावर हात ठेवला. मोठ्या बाईंचा चेहरा एक क्षण अगदी उघडा पडला, मग त्यांनी तो परत नीट लावला.

"हे नमुने आहेत. नमुना म्हणजे काय, कळतं का तुला? लहान मुलांच्या हातात खरी काच द्यायची? दगड द्यायचा?"

"हातात देताय कुठे तुम्ही? डाग पडतात ना!"

"हे लाकडाचं प्रतीक आहे."

"मग तसं विचारा ना. हे कशाचं सोंग आहे, असं विचारा. तुम्ही विचारलंत, हे काय आहे. त्याने सांगितलं, हे काय आहे."

"ठिणगे, पुरे," ताई दारातून म्हणाली.

मोठ्या बाई पेटीवर वाकल्या. सातवा तुकडा त्यांनी दोन बोटांत उचलला, पांढरं चौकोनी कापड. आणि त्या हसल्या. अशा हसल्या की मला तेव्हाच कळलं, आपण कुठेतरी पाय घसरलोय.

"आणि हे? हेपण प्लास्टिक का? कापड आहे हे. तूच बघ. धागे दिसतायत."

मी बघितलं. विणलेलं होतं, आडवे-उभे धागे स्पष्ट. माझ्या तोंडून गेलंच. "हे सुती आहे."

"हो ना? मग यालाही तो प्लास्टिकच म्हणाला. आजही म्हणाला, तेच." त्या सावकाश बोलत होत्या, आता त्यांना घाई नव्हती. "म्हणजे तो ओळखत काहीच नाही. त्याला एकच शब्द येतो आणि तो सगळ्याला लावतो. अंधारात मारलेले सहा दगड लागले म्हणून त्याला कुणी नेम म्हणत नाही, बाळ."

मला बाळ म्हणाल्या. रागाने माझे कान तापले. पण त्या बरोबर होत्या. एकच शब्द सगळ्याला लावणारा पोरगा, याला ओळखणं म्हणत नाहीत. मीच जाऊन त्याच्या सातव्या उत्तरावर काट मारली होती.

चिमट्याने माझी ओढणी ओढली.

"मावशी, तू डोळ्यानं बघितलंस."

"गप रे."

"आवाज ऐक ना त्याचा. फडक्यासारखा नाही येत."

फडकं म्हटल्यावर दारात हालचाल झाली. ताई आत आली. त्या वर्गात नऊ वर्षांत ती कधी भिंतीच्या कडेशिवाय चालली नसेल, ती सरळ मधून आली, टेबलापाशी. ओला हात डगल्याला पुसला नाही. मोठ्या बाईंच्या बोटांतून तिने तो पांढरा चौकोन काढून घेतला, न विचारता, आणि अंगठ्याने चोळला. दिवसाला वीस खोल्या पुसणारी बाई ती. कुठलं कापड पाणी पितं आणि कुठलं नुसतं पसरवतं हे तिला मी काय सांगणार, नि मोठ्या बाई काय सांगणार.

"हे पुसायला नाही चालणार," ती म्हणाली. हळू. मला नाही, कुणालाच नाही, कापडालाच सांगितल्यासारखी.

आणि तिने बोटावरचं पाणी त्यावर झटकलं.

थेंब पडला आणि तसाच बसला. गोल, फुगलेला. ताईने कापड जरा तिरकं केलं तर तो घरंगळत कडेला गेला आणि मोठ्या बाईंच्या बुटावर पडला. कापडावर ओल नावाला नाही.

फोटोशेजारी भिंतीवर तक्ता होता, रंगीत, त्यांनीच लावलेला. नवीन बाई त्याच्याकडे बघत होती. आम्ही सगळ्यांनीच मग तिकडे बघितलं. सातवी ओळ: 'कापड पाणी शोषते.'

नवीन बाईने टेबलावरचं लोखंड उचललं, इकडेतिकडे बघितलं, आणि चोरून स्वतःच्या गालाला लावलं. चष्म्याची काडी आड आली म्हणून चष्मा काढून परत लावलं. तीन वर्षं शिकवत होती ती हे. तिच्या डोळ्यांत जे आलं ते बघून मला तिची दया यायला हवी होती. नाही आली. तीन वर्षांत एकदा तरी गालाला लावून बघायचं की नाही, बाई?

मोठ्या बाईंनी तिच्या हातातून तुकडा घेतला, खाचेत बसवला, सातही बसवले, पेटी बंद केली. किल्ली दोनदा फिरवली.

"निकाल सोमवारी," त्या म्हणाल्या. आणि ताईला, "इथे पाणी सांडलंय. पुसून घे."

ताईने पुसलं. खऱ्या सुती फडक्याने.

सोमवारी ताई निकालाचा कागद घेऊन गोदामात आली. या वेळी रडत होती पण हसत पण होती, त्यामुळे काय समजायचं ते आईला कळेना. "पहिली! पहिलीत घेतला!" आईने चिमट्याला उचलून तांब्याच्या ढिगावर बसवलं, ती आमच्याकडची सगळ्यात मानाची जागा. मग ताईने कागद माझ्याकडे दिला, कारण वाचायचं म्हटलं की अजूनही मलाच देतात.

वस्तू-ओळख: सातांपैकी चार.

मी परत वाचलं. चार. पास व्हायला लागतात तेवढेच, एक कमी नाही, एक जास्त नाही. खाली मोठ्या बाईंची सही, तिला लांबलचक शेपूट.

"चार कसे?" मी ओरडले. "सातच्या सात होते! नाहीतर शून्य! चार कुठून काढले हिने? कुठले चार आणि कुठले तीन?"

"जाऊ दे गं," ताई म्हणाली. "पहिलीत गेला ना."

"पण चार?"

"मोठ्या माणसांना तोंड लपवायला काहीतरी कापड लागतं," आई म्हणाली आणि वायर सोलायला बसली. "तेही पाणी न पिणारं."

ताई हसली. मी नाही हसले. मी जाऊन त्या सहीवालीच्या दारात थुंकून येणार होते, आईने पाय आडवा घातला.

चिमट्या तांब्याच्या ढिगावर बसून सगळं ऐकत होता. थोड्या वेळाने खाली उतरला आणि माझ्याजवळ आला.

"मावशी, माझे तीन चुकले?"

"एकही नाही चुकला."

"मग चार का?"

शिव्या येत होत्या, उत्तर येत नव्हतं. "ती बाई बावळट आहे म्हणून," मी म्हटलं.

ते त्याला पुरलं नाही. संध्याकाळपर्यंत तो गोदामातून फिरत होता. बादली, कडी, खिडकीची काच, आईचा हातोडा, वजनाचा दगड. प्रत्येक वस्तू चिमटीत धरायची, गालाला लावायची. आधी एकदा लावली की झटकन नाव सांगायचा. त्या दिवशी तो एकेक वस्तू दोनदा लावत होता. लावायचा, ओठ हलवायचा, आणि नाव न घेता परत लावायचा.

हातोडा तर त्याने तीनदा लावला. तोच हातोडा, ज्याला तो चालता येत नव्हतं तेव्हापासून ओळखतो.

"लोखंड आहे ना, मावशी?"

मी हातोडा त्याच्या हातातून घेतला आणि माझ्या गालाला लावला. मग त्याच्या. मग परत माझ्या.

"लोखंड," मी म्हटलं. "शंभरातले शंभर."

त्याने मान हलवली आणि पुढच्या ढिगाकडे गेला, परत तपासायला.